पत्र्याच्या डब्यात पेट्रोल द्या

रोवणीच्या तोंडावर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय यंदाही तोच आहे. दोरी ओढून ओढून खांदा उतरला, पण पॉवर विडर सुरू होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूलकडचे वाचक हेच लिहितात, गडचिरोलीतल्या कुरखेडा, एटापल्लीकडचेही हेच.

त्यांपैकी बहुतेकांनी आधी प्लग बदलला, मग कॉइल, काहींनी तर अख्खा कार्बोरेटर. ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, प्लग कोरडा निघतो, प्लगच्या भोकातून चार थेंब पेट्रोल सोडले की इंजिन दोनदा भडकून बंद पडते. एवढे समोर दिसत असताना कॉइलला हात लावायचे कारण काय? आमच्या मेकॅनिक बंधूंनी गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करणारी ही सवय सोडली पाहिजे. (ठिणगीच नसेल आणि इंजिनाला ऑइल सेन्सर असेल, तर कॉइलआधी ऑइलची पातळी पाहा आणि यंत्र सपाटीवर घ्या. धुऱ्यावर तिरपे उभे करून दोरी ओढणारे कमी नाहीत.)

दोष इंधनात आहे. दिवाळीच्या सुमाराला टाकीत उरलेले पेट्रोल मृगापर्यंत तसेच राहते. कार्बोरेटरचा बाऊल उघडला की तळाला पाणी आणि पांढरी भुकटी, पायलट जेट बुजलेला. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे लक्ष्य सरकारने 2025 मध्येच गाठले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. म्हणून हंगाम संपला की टाकी उपसा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडा. हे आम्ही दरवर्षी छापतो आणि दरवर्षी तीच यंत्रे दुकानात येतात.

पण सगळा दोष मालकाच्या आळसावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. लागेल तसे दोन-दोन लिटर ताजे पेट्रोल आणा, असे आम्ही सांगतो. आणायचे कसे? विडर काही पंपावर चालवत नेता येत नाही. डबा नेला तर ‘सुटे पेट्रोल मिळणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवले जाते. मग शेतकरी मोटरसायकलची टाकी भरून आणतो आणि घरी नळीने उपसतो; त्यातला गाळ थेट जेटमध्ये जातो. किंवा एखाद्या दुकानातून चढ्या भावाने प्लॅस्टिकच्या बाटलीतले घेतो. त्यात काय मिसळले आहे हे कोणी सांगू शकत नाही. आणि एवढ्या खटपटीने मिळवलेले पेट्रोल वर्षभर जपून ठेवले जाते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत इंजिने बंद पडतात ती इथून.

टू-स्ट्रोक यंत्राची गोष्ट याहून विचित्र. त्यात ऑइल पेट्रोलमध्ये आधी वेगळ्या भांड्यात मिसळावे, असे कंपनीची पुस्तिका बजावते. म्हणजे डबा लागणारच. महाडीबीटीवर अर्ज घेऊन, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला मर्यादेत 50 टक्के अनुदान देऊन शासन हे यंत्र त्याच्या अंगणात आणते आणि त्याला लागणारे इंधन मात्र पंपावर नाकारले जाते. कृषी विभागाने अनुदानाचा आकडा सांगताना हा प्रश्न एकदा तरी पुरवठा विभागापुढे मांडला आहे काय?

डब्यात पेट्रोल देऊ नका, असे कायदा सांगत नाही. पेट्रोलियम अधिनियम, 1934 च्या कलम 8 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला आणि वाहून न्यायला परवाना लागत नाही. भांडे घट्ट झाकणाचे हवे. धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत चालते. प्लॅस्टिकचे नाव त्यात नाही. तेव्हा पाण्याची बाटली पुढे करणाऱ्याला पंपवाल्याने परत पाठवले तर तो बरोबरच आहे. त्याच्याशी भांडू नका. गडचिरोलीत सुट्या इंधनाबाबत पोलिसांनी सावध राहावे, हेही आम्हाला मान्य आहे. नक्षल हिंसाचाराची झळ याच गावांनी सोसली आहे. पण सावधगिरीसाठी नोंदवही ठेवता येते. यंत्राचे बिल किंवा अनुदानाचे पत्र, आधार, पत्र्याचा डबा, पाच लिटरची मर्यादा आणि वहीत सही, एवढे पुरेसे आहे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी तेल कंपन्या आणि पोलिसांना सोबत घेऊन असा लेखी आदेश काढावा. कुठे तांत्रिक शंका असेल तर पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे; विचारायला दिल्ली गाठावी लागत नाही.

वाचकहो, नुसती पत्रे आम्हाला लिहून हे होणार नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावातल्या विडर, टिलर आणि फवारणी पंपांची यादी करा, अवजारे बँक चालवणाऱ्या बचत गटांची नावे त्यात घाला, ठराव करा आणि तो तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या. पोचेची एक प्रत आम्हाला द्या. आलेल्या सगळ्या प्रती घेऊन आम्ही दोन्ही कार्यालयांत जाऊ. आणि तोवर आजच घरच्या यंत्राचा बाऊल उघडून पाहा.