खुळखुळा

आपल्या राज्यात दारू प्यायची तर परवाना लागतो. १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याची ती कृपा! पण शेकर नावाचा तो चकचकीत खुळखुळा मात्र कुणीही उठावं, विकत आणावा आणि पाहुण्यांच्या कानाशी वाजवावा. त्याला परवाना नाही की शुल्क नाही. कायद्यातली ही फट ताबडतोब बुजवावी, अशी माझी जाहीर मागणी आहे.

निमित्त ड्राय मॅनहॅटनचं. 'ड्राय' म्हटलं की आपल्याला दोन ऑक्टोबर आठवतो. इथे त्याचा अर्थ एवढाच, की गोड नसलेलं. मॅनहॅटन मूळ अमेरिकेतलं. १८८४ सालच्या तिकडच्या एका छापील पुस्तकात त्याची कृती सापडते. राय व्हिस्की, व्हर्मूथ आणि बिटर्स, संपली यादी. व्हर्मूथ गोड घेतलं की नेहमीचं मॅनहॅटन, ड्राय घेतलं की ड्राय. आणि राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे बरं का! गव्हाच्या नात्यातलं धान्य आहे ते. अमेरिकेत व्हिस्कीला राय म्हणवून घ्यायचं तर धान्यात निदान ५१ टक्के राय असावी लागते. म्हणजे तिथे बाटलीलासुद्धा बहुमत सिद्ध करावं लागतं.

कृती अशी: ६० मिली राय, ३० मिली ड्राय व्हर्मूथ, बिटर्सचे दोन शिडकावे. उंच पेल्यात भरपूर बर्फ घालून लांब दांड्याच्या चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं, थंड केलेल्या ग्लासात गाळायचं, वर लिंबाची साल पिळायची. गाळायला चहाची गाळणी चालते.

यात खुळखुळा आला कुठून? सिनेमातून. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये जेम्स बाँडने मार्टिनी ढवळू नका, हलवा, असं सांगितलं आणि जगभरच्या यजमानांच्या अंगात आलं. हलवल्याने पेय लवकर गार होतं, हे कबूल. पण त्या गृहस्थाच्या मागे मारेकरी लागलेले असतात. रविवारी संध्याकाळी आपल्या मागे कोण लागलंय?

खरं तर मराठी घरात वाढलेल्याला हे सांगावं लागू नये. ताक घुसळतात, पण उकळत्या कढीत कुणी रवी घेऊन उतरत नाही. तिला पळीच लागते. इथेही तोच न्याय. लिंबाचा रस, अंडं, साय असले हट्टी जिन्नस असतील तर खुशाल हलवा. राय आणि व्हर्मूथ दोघं बापडे चमचा लागताच एकमेकांत मिसळतात. त्यांना घुसळलंत तर हवेचे बुडबुडे आणि बर्फाचा चुरा शिरतो आणि काचेसारखं पेय गढूळ होतं. "पोटात गेल्यावर सगळं एकच!" म्हणणाऱ्यांनी उद्यापासून श्रीखंडावर आमटी ओतून घ्यावी.

तसेच ते 'नीट'वाले वीर! पाणी म्हणजे यांना भेसळ वाटते. अहो, ढवळताना बर्फाचं जे पाणी उतरतं ते या पेयाचा चौथा घटक आहे. तेवढं उतरलं नाही तर व्हिस्की नुसती चावते. आणि व्हर्मूथ ही शेवटी वाइन आहे. बाटली उघडली की तिची जागा फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. पण आमच्याकडे ती वर्षभर शोकेसमध्ये, बाहुल्यांच्या रांगेत, कारण आल्यागेल्याला दिसली पाहिजे!

दुखणं आहे ते हेच. आपल्याकडे दारू एक तर पाप असते, नाहीतर पराक्रम. पाप चोरून उरकायचं आणि पराक्रम वाजवून दाखवायचा. मग मापाने ओतणारा तो चिक्कू, अंदाजपंचे ओतणारा तो दिलदार! किती प्यायलो याचा हिशोब दुसऱ्या दिवशी बायको सांगते. एका ग्लासात ६० मिली व्हिस्की गेली आहे हे ज्याने मोजून घातलं, त्याला एकावर थांबावंसं वाटण्याची निदान शक्यता तरी असते. कढीसारखीच हीही एक कृती आहे, तिला प्रमाण आहे, एवढं मान्य केलं तर पाप आणि पराक्रम दोन्हींपासून सुटका होईल.

तेव्हा यजमानहो, चमचा घ्या, तोंडाने गप्पा चालू ठेवा आणि निमूट ढवळा. खुळखुळा बारशाच्या दिवशी काढा. त्या दिवशी तरी तो ऐकून खूष होणारं कुणीतरी घरात असतं.