डिस्नेची शीट मिळणार नाही

शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा मेसेज आला. "आईबाबा येतायत जूनमध्ये. ऑर्लँडो करतोय. तुझी ती डिस्नेची शीट पाठव ना."

ही शीट म्हणजे आमच्या ग्रुपमधली एक दंतकथा आहे. २०२३च्या नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन डिस्ने वर्ल्डला गेलो होतो, तेव्हा बनवलेली. सहा टॅब, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, प्रत्येक राईडला दहापैकी मार्क. एक रकाना 'बफर' नावाचा. बफर म्हणजे बाथरूम. होय, स्वतःच्या आईवडिलांच्या बाथरूमला जाण्याला मी बफर म्हटलं होतं. आणि शेवटी एक 'वसुली' नावाचा टॅब: एकूण खर्च भागिले एकूण राईड. निदान पंधरा-वीस जणांनी ती शीट कॉपी केली असेल आणि मी दरवेळी मोठ्या कौतुकाने दिली. या वेळी नाही म्हणालो. का, ते मेसेजमध्ये धड सांगता आलं नाही, म्हणून शनिवार सकाळचा चहा घेऊन इथे बसलोय. जरा वाकडं लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं. आज तिथे चार मोठी पार्कं आहेत, दोन वॉटर पार्कं आहेत, हॉटेलं वीसच्या वर, आणि सगळा पसारा सुमारे चाळीस चौरस मैलांचा. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. टेबलावर बसून जेवायचं असेल तर साठ दिवस आधी बुकिंग उघडतं. त्यांच्या हॉटेलात राहिलात तर पार्कात अर्धा तास आधी प्रवेश. राईडची रांग टाळायला पैसे भरून 'लाइटनिंग लेन' घ्यायची, तर हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला खिडकी उघडते.

ओळखीचं वाटतंय ना? हे आपलं तत्काळ आहे! दहाच्या ठोक्याला तीन ब्राउझर उघडून कोकणकन्या पकडत वाढलेली पिढी आपली. खरं दुखणं इथेच आहे. डिस्नेने आपल्यावर हे लादलं म्हणून आपण रडत नाही, आपल्याला हे आवडतं. कोणी म्हणालं की सिस्टिम किचकट आहे, की आपले डोळे चमकतात. किचकट सिस्टिम म्हणजे आपलं माहेर.

पण या सिस्टिमचा इतिहास एकदा ओळीने बघा. सुरुवातीला आत शिरायचं वेगळं तिकीट आणि राईडसाठी कूपनांचं पुस्तक होतं, ए पासून ई पर्यंत. ई म्हणजे सगळ्यात भारी राईड. १९८२मध्ये पुस्तकं गेली, एकदा आत शिरलात की सगळं तुमचं. १९९९ला फास्टपास आला: यंत्रात तिकीट घालायचं, परत यायची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची, तोवर हिंडायचं. फुकट. २०१४पर्यंत ते मनगटातल्या पट्ट्यावर आणि फोनवर गेलं आणि तीस-साठ दिवस आधी ठरवायचं झालं. तरी फुकट. २०२० साली कोविडमध्ये पार्कं बंद झाली, उघडली ती फास्टपासशिवाय, आणि २०२१च्या ऑक्टोबरात तीच सोय नव्या नावाने परत आली. माणशी रोज १५ डॉलर. वर्षभरात तो दरही दिवसाप्रमाणे बदलायला लागला. २०२४ला पुन्हा नाव बदललं, आणि त्याच वर्षी 'प्रीमियर पास' निघाला: वेळ ठरवायची कटकटच नको, दिवसभरात कधीही या, प्रत्येक राईडला एकदा. आला तेव्हा दर होता माणशी रोज १२९ ते ४४९ डॉलर. प्रवेशाचं तिकीट अर्थातच वेगळं. चौघांचं कुटुंब आणि सणाचा दिवस धरला तर तेव्हाच्या भावाने दीड लाख रुपये झाले. रांगेत उभं न राहण्याचे.

आता यातली गंमत माझ्या बाबांनी मला दोन वाक्यांत सांगितली. बाबा एस.टी.त कंट्रोलर होते, ठाण्याला. आयुष्य स्टँडवर गेलं. मी त्यांना मोठ्या ऐटीत फोनवर दाखवत होतो की बघा, बाहेर पाटीवर सत्तर मिनिटं लिहिलंय आणि आपण दहा मिनिटांत आत. ते म्हणाले, "रिझर्वेशन वाढवलं म्हणून गाडीला सीटं वाढत नाहीत. आपण पुढे गेलो म्हणजे ते मागे राहिले."

च्यायला! मी रांगांचं गणित कॉलेजात शिकलोय. कामावर रोज रिक्वेस्टच्या रांगा लावतो. सर्व्हर तोच, त्याचा वेगही तोच, आणि तुम्ही काही रिक्वेस्टना प्राधान्य दिलंत तर एकूण काम एका कणाने वाढत नाही. थांबण्याचा वेळ फक्त याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर जातो. राईडमध्ये तासाला जितकी माणसं बसतात तितकीच बसतात. माझी वाचलेली साठ मिनिटं हवेतून आली नव्हती. ती बाजूच्या रांगेत, उन्हात, कडेवर पोर घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडून थोडी थोडी आली होती. आणि ती रांग लांब दिसणं हीच माझ्या पासची जाहिरात. रांगच नसेल तर पास घेईल कोण?

यावर नेहमीचं उत्तर मला पाठ आहे, कारण मीच ते दिलंय. ज्याला परवडतं तो घेतो, फुकट थोडंच आहे, खाजगी कंपनी आहे. मान्य. डिस्ने काही देवस्थान नाही, त्यांनी काय विकावं हा त्यांचा प्रश्न. (देवस्थानंही विकतात म्हणा. तिरुपतीला तीनशे रुपयांची वेगळी रांग आहेच.) माझं भांडण आपल्याशी आहे. पंढरपूरच्या बारीत कोणी पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर मधूनच घुसला की आपण व्यवस्थेच्या नावाने खडे फोडतो, आणि ऑर्लँडोला तेच केलं की त्याला 'स्मार्ट प्लॅनिंग' म्हणतो. त्यावर लंच टेबलवर अर्धा तास बोलतो. घ्यायचा तर पास घ्या, पण त्याला हुशारी म्हणू नका. तो पैसा आहे.

असो. शीट न देण्याचं कारण मात्र हे नाही.

मॅजिक किंग्डमला गाडी लावली की लगेच पार्क येत नाही. मध्ये तळं आहे, ते बोटीने किंवा मोनोरेलने ओलांडावं लागतं. बाबा बोटीत चढले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे, हे आपलं एस्सेलवर्ल्डच की!" गोराईची खाडी, ती बोट, नव्वदच्या दशकातली आमची एकमेव चैन. (ते २०२२ला बंद पडलं.) तेव्हाचा प्लॅन काय होता? 'सकाळी लवकर निघायचं.' संपला प्लॅन. बाबा आमच्यासाठी रांगेत उभे राहायचे, आम्ही हुंदडून परत यायचो, मग सगळे मिळून उभे राहायचो. ते एरवी घरी असायचे तेव्हा आम्ही शाळेत, आम्ही घरी तेव्हा ते स्टँडवर. त्यांच्याशी सलग तासभर बोललो असेन तर त्या रांगांमध्ये.

बोटीत हे सगळं ते बोलत होते आणि मी फोनवर पुढचा स्लॉट रिफ्रेश करत होतो.

मग पीपलमूव्हर. १९७५ची साधी गोष्ट आहे, उंचावरून हळूहळू पार्काच्या एका भागाला चक्कर मारते, दहाएक मिनिटं. माझ्या शीटमध्ये तिला दहापैकी चार मार्क होते आणि रकान्यात लिहिलं होतं 'फिलर'. बाबांना ती भलतीच आवडली. ही गाडी थांबतच नाही. खालचा फलाटही फिरत असतो, वेग जुळलेला, माणसं चालत्या गाडीत चढतात आणि उतरतात. "कोण धावपळ नाही, कंडक्टर नाही, घंटी नाही," ते आईला समजावून सांगत होते. "एका मिनिटाला किती माणसं उचलते बघ. आमच्या स्टँडला असतं तर..." निवृत्तीनंतर इतक्या उत्साहात मी त्यांना पाहिलं नव्हतं. उतरल्यावर म्हणाले, "अजून एकदा बसू या का?"

मी म्हणालो, "बाबा, अकरा दहाचा स्लॉट आहे."

ते लगेच म्हणाले, "हो हो, चल, चल." वेळापत्रक पाळणारा माणूस.

अकरा दहाला होतं पीटर पॅन. तीन मिनिटांची राईड. उडत्या होडीतून रात्रीच्या लंडनवरून नेतात. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "तो मुलगा कोण रे?" पीटर पॅन कोण हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही ज्ञान त्या नऊ मार्कांपुरतंच होतं. मार्क अमेरिकेतल्या लोकांनी दिलेले, ज्यांची लहानपणं त्यात अडकलेली आहेत. माझ्या बापाचं आयुष्य ज्यात अडकलेलं होतं ती गोष्ट मी फिलर म्हणून उडवली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते स्लॉट एक तासाचे असतात. बारा दहापर्यंत कधीही जाता आलं असतं. अकरा दहा फक्त माझ्या शीटमध्ये होतं.

रात्री हॉटेलवर वसुलीचा टॅब भरला. चौदा राईड. ग्रुपवर टाकलं. खूप अंगठे आले :)

आता बाबांना डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केलाय. फोनवर डिस्नेचा विषय निघाला तर ते त्या न थांबणाऱ्या गाडीबद्दल बोलतात. बाकी तेरांचं नाव नाही.

तर मित्रा, अजिबात प्लॅन करू नकोस असं म्हणत नाहीये. तसे गेलात तर गर्दीच्या दिवशी दुपारपर्यंत तीन गोष्टी बघून भांडत परत याल. पण माणसांचा प्लॅन कर. जून आहे, फ्लोरिडात घामाच्या धारा लागतात आणि दुपारी हमखास पाऊस कोसळतो. दुपारी दोन तास खोलीवर आणून झोपव. गुडघे दुखत असतील तर लाजू नका, व्हीलचेअर भाड्याने मिळते. प्यायचं थंड पाणी काउंटरवर फुकट देतात, मागायचं फक्त. आणि अॅनिमल किंग्डमला महाराजा जंगल ट्रेक म्हणून पायवाट आहे, पडक्या राजवाड्यात वाघ बसलेले दिसतात. तिथे ना स्लॉट ना पास, हवं तितका वेळ उभं राहता येतं. चार पार्कांऐवजी दोन कर. दिवसाला दोन-तीन गोष्टी ठरव आणि उरलेला दिवस त्यांना विचार. पुन्हा बसायचं म्हणाले तर बस.

एवढं सगळं त्याला काल रात्री लिहून पाठवलं. सकाळी उत्तर आलं: "ओके, पटलं. पण आई विचारतेय, घरचं खाणं आत नेता येतं का? दशम्या करते म्हणतेय."

येतं. दशम्या, धपाटे, काय हवं ते न्या. काच तेवढी चालत नाही, लोणचं प्लास्टिकच्या डबीत घ्या.