चाकाचा समासविग्रह

आमच्या सौ.चे धाकटे बंधू आप्पा दौंड तालुक्यात ऊस लावतात. उसाचे पैसे हातात आले की माणूस विहीर खोदतो, नाहीतर मोटार घेतो, असा तिकडचा रिवाज आहे. आप्पांची विहीर आधीच झालेली. तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी, पण जातिवंत अशी जर्मन मोटार घेतली. मोटार कसली, चालता दिवाणखानाच तो!

गेल्या भाऊबीजेला हा दिवाणखाना बायको, दोन मुले आणि आमच्या सासूबाई यांना घेऊन शिरूरला निघाला. भीमा ओलांडून न्हावऱ्याच्या बाजूला आल्यावर समोरून उसाची ट्रॉली आली. आप्पांनी गाडी खाली घेतली आणि डांबराच्या तुटक्या कडेने मागचा एक टायर कुशीत चिरला. स्टेपनी निघाली ती सुकलेली, बारीक चणीची. तिच्यावर ताशी ८० च्या पुढे जाऊ नये असा इशारा छापलेला. तिच्यावर लंगडत मंडळी आमच्या दारी आली. मागचा दुसरा टायरही गुळगुळीत झाला होता.

ओवाळणीचे ताट तसेच ठेवून आम्ही टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "तुमचा टायर पुण्याहून मागवावा लागेल, दोन दिवस लागतील. अठराचा दुसरा एक जोड आहे, तो बसेल. शिवाय स्वस्त पडेल."

आप्पांना दोन दिवस नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फडावर ऊसतोडीची टोळी यायची होती. "दाजी, रिंग अठराचं, टायर अठराचा. आता बघायचं काय राहिलं?" ते म्हणाले.

आता मी मराठीचा मास्तर. मोटारीतले मला कळते ते एवढेच, की पेट्रोल संपले की ती थांबते. पण छापलेले काही दिसले की ते पूर्ण वाचायची खोड जात नाही. चिरलेल्या टायरवर लिहिले होते: '२४५/४५ आर १८, १०० वाय'. दुकानातल्यावर होते: '२२५/४५ आर १८, ९१ डब्ल्यू'. मी दुकानदारालाच एकेका पदाचा अर्थ विचारू लागलो आणि लक्षात आले, हा तर सामासिक शब्द आहे! त्याचा विग्रह केल्यावाचून अर्थ लागायचा नाही.

वाचकहो, तुमच्या दारातली मोटार लहान असो की मोठी, हा विग्रह एकदा ऐकून ठेवा. पहिले पद २४५, ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरे ४५, ही टायरच्या कुशीची उंची. पण मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या शेकडा ४५. 'आर' म्हणजे रेडियल, आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे घातलेला टायर. मिशेलिन कंपनीने त्याचे पेटंट १९४६ साली घेतले. १८ हा रिंगचा व्यास, तो मात्र इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच एका शब्दात! 'पावरोटी'त पोर्तुगीज आणि देशी शब्द गुण्यागोविंदाने नांदतात, तसाच हा संसार.

खरी फसगत दुसऱ्या पदात आहे. दोन्ही टायरांवर ४५ च लिहिले होते. पण २४५ चे शेकडा ४५ म्हणजे ११० मिलिमीटर आणि २२५ चे १०१. कूस वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि रिंगचे ४५७ मिळवायचे. जुन्या टायरचा व्यास भरला ६७८ मिलिमीटर, नव्याचा ६६०. म्हणजे मागची चाके पुढच्यांपेक्षा लहान होणार आणि दर किलोमीटरला सुमारे तेरा फेऱ्या जास्त मारणार. अशा मोटारीत ब्रेक सांभाळणारा एक संगणक असतो. चारही चाकांच्या फेऱ्या मोजून कोणते घसरते आहे हे तो ताडतो. त्याला मागची चाके विनाकारण घसरत असल्याचा भास झाला, तर दोष त्याचा कसा?

हे आप्पांना पटवावे तर ते म्हणाले, "दाजी, वर्गात ऱ्हस्व-दीर्घ बघता तसं इथंही? अठरा मिलिमीटरनं काय होतंय?" मी जरा ओशाळलो. खोटे कशाला सांगू, माझ्या छोट्या गाडीचे टायर मीही इतकी वर्षे "रिंगला बसतो ना?" एवढेच विचारून घेतले होते.

मग मी शेवटची पदे विचारली. 'वाय' आणि 'डब्ल्यू' ही वेगाची मर्यादा: ताशी ३०० आणि २७० किलोमीटर. चौफुल्याच्या रस्त्यावर ती कोणाच्या कामाची? पण त्यामागचा १०० आणि ९१ हा आकडा भाराचा. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलावे. ९१ म्हणजे ६१५. आप्पांच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी पाहिली. मागच्या आसावर कमाल भार १२९० किलो. दुकानातल्या दोन टायरांची ताकद १२३०. कमी पडले ६० किलो.

साठ किलो म्हणजे मागच्या आसनावर बसणाऱ्या आमच्या सासूबाईच! भरल्या गाडीत जादा भाराने टायर प्रत्येक फेरीला अधिक दबतो, दबून तापतो आणि तापून भर रस्त्यात फुटतो. आप्पा गप्प झाले. तरी टोळीची चिंता सुटेना.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "अरे, दोन-सहाचा हात असला तर कासार दोन-चारची बांगडी भरत नाही. आधी हात दाबून बघतो. आणि तू पोरांच्या खालची चाकं नुसती नजरेनं घेतोस?"

निकाल लागला. ओवाळणी झाली, आणि आप्पा पहाटे एस. टी.ने फडावर गेले. तिसऱ्या दिवशी योग्य टायर आले. त्यांच्या कुशीवरचे चार आकडेही मी वाचले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माल ताजा होता.

तेव्हा दिवाळीच्या प्रवासाआधी दाराच्या चौकटीवरची ती पट्टी वहीत उतरवून ठेवा. काही मोटारींत पुढची आणि मागची मापे मुळातच वेगळी असतात, तीही लिहा. मात्रावृत्तात अक्षरे बदलली तरी मात्रा भरल्या की चालते. तसे २२५/५५ आर १७ चा व्यासही ६७९ भरतो. पण ते माप कारखान्याने मान्य केलेले असावे, आणि भाराचा आकडा कधीही खाली येऊ देऊ नये.

परवा आप्पांचा फोन आला. "दाजी, ट्रॅक्टरचा टायर घ्यायचाय. १३.६–२८. जरा विग्रह करून द्या."

म्हटले, "आप्पा, हा समास सोपा आहे. रुंदी आणि रिंग, दोन्ही पदे इंचांतच! पण भाराचा आकडा वाचून घ्या. आणि दुकानात जाताना सासूबाईंना बरोबर न्या."