आधी साखर, सोडियम; मग भाकीत

मेंदूतल्या गाठीचे ऑपरेशन आणि रेडिएशन परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये होते, नाहीतर नाशिकला. पुढचे महिने मात्र रुग्ण काढतो शिरपूर, चोपडा, साक्री, पारोळ्यातल्या आपल्या घरात. मग एका रात्री मुलगा फॅमिली डॉक्टरच्या दारात येतो : ‘बाप काय बी बोली राह्यना.’ सुनेला ओळखत नाहीत, मध्यरात्री उठून शेताकडे निघतात. पाठोपाठचा प्रश्न ठरलेला : आता किती दिवस?

अनेक डॉक्टरही इथे घाई करतात. भ्रम झाला म्हणजे गाठ वाढली, असे धरून ‘आता घरीच सेवा करा’ सांगून टाकतात. गाठ वाढलेली असू शकते. पण आठवड्या-आठवड्याने वाढत गेलेला भ्रम वेगळा आणि काल बरा असलेला माणूस आज बरळू लागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कारण बहुधा गाठीबाहेर शोधावे लागते, आणि त्यातली बरीच कारणे तालुक्याच्या लॅबमध्ये सापडतात.

पहिला संशय डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर घ्यावा. सूज उतरवणारे हेच औषध झोप उडवते, माणसाला संशयी करते, साखर भडकवते. कमी करत न्यायची गोळी कित्येक घरांत महिनोन्‌महिने तशीच चालू राहते. कुठे ती एकदम बंद होते आणि रुग्ण गळून, गुंगीत पडतो. फिट रोखणाऱ्या लेव्हेटिरासिटामने चिडचिड वाढते. सोडियम घसरते. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडणे तर नित्याचेच. केमोच्या टेमोझोलोमाइडने प्रतिकारशक्ती खालावते आणि स्टेरॉइडमुळे ताप दिसत नाही, म्हणून लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग लपून राहतो. झटके न येणारी फिटही असते : नजर शून्यात, हाक मारली तरी उत्तर नाही. ती ईईजीशिवाय कळत नाही.

एमआरआयचेही तसेच. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गाठ न वाढताही वाढल्यासारखी दिसू शकते. मेंदूतल्या गाठीचा उपचारांना प्रतिसाद जोखणाऱ्या २०१० च्या ‘रानो’ निकषांनी त्यासाठीच १२ आठवड्यांची सावधगिरी सांगितली. तपासणीच्या चिठ्ठीवर रेडिएशन संपल्याची तारीख नसेल, तर ‘प्रोग्रेशन’ या शब्दावर विसंबू नये.

आता मुदतीचा प्रश्न. बायॉप्सीचा अहवाल वाचल्याशिवाय त्याला उत्तर देऊ नये, कारण ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या प्रकारच्या गाठीचे रुग्ण दहा वर्षेही जगतात. ग्लिओब्लास्टोमा हा प्रकार कठोर आहे. २००५ च्या स्टुप यांच्या चाचणीत रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड मिळूनही निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांच्या आत गेले, २६.५ टक्के मात्र दोन वर्षांनंतरही हयात होते. अमेरिकी सिनेटर टेड केनेडी निदानानंतर १५ महिने जगले, जॉन मॅकेन १३. उपचारांत त्यांना काय कमी पडले असेल? हमखास बरे करण्याच्या जाहिरातींवर जमीन विकायला निघालेल्या घराला हे आकडे सांगायलाच हवेत. सांगताना तारीख देऊ नये. ‘काही महिने’ किंवा ‘काही आठवडे’ एवढेच म्हणावे.

हे बोलणे रुग्णाचे भान शाबूत असतानाच व्हायला हवे. सातबारा, बँकेची सही, शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हे भ्रम झाल्यावर त्याला विचारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले वैद्यकीय इच्छापत्र २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर करता येते.

मुंबई-नाशिकच्या तज्ज्ञांना एक विनंती : स्टेरॉइड कोणत्या तारखेपर्यंत किती कमी करायचे, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावे.