पुरुषवंध्यत्व आणि गालगुंडाचा विसरलेला इतिहास

अपत्यप्राप्तीसाठी औषध मागावयास येणाऱ्या दांपत्याजवळ बहुधा पत्नीच्या तपासण्यांची जाडजूड फाइल असते. पतीची साधी वीर्यतपासणीही झालेली नसते. आम्हा वैद्यांकडूनही पुष्कळदा थेट वाजीकरण कल्पांची योजना होते. या घाईत एक प्रश्न राहून जातो : वयात आल्यानंतर कधी गालगुंड झाले होते काय?

गालगुंड हा विषाणुजन्य विकार बालपणी सहसा निरुपद्रवी ठरतो. परंतु वयात आल्यानंतर तो झाल्यास सुमारे १५ ते ३० टक्के पुरुषांत वृषणशोथ उद्भवतो. बहुधा गालाची सूज आल्यापासून आठवडाभरात. वृषणाचे आवरण चिवट असल्याने आतील सूज बाहेर पसरू शकत नाही; दाब वाढून शुक्राणु निर्माण करणाऱ्या सूक्ष्म नलिकांना इजा पोहोचते. बाधित वृषणांपैकी ३० ते ५० टक्के पुढे कमीअधिक आकसतात. सुदैवाने शोथ बहुधा एकाच बाजूस असल्याने पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. शुक्राणुसंख्या घटणे मात्र दुर्मिळ नाही.

शुक्रवह स्रोतसांच्या मूलस्थानांत चरकाचार्यांनी वृषणांची गणना केली आहे. मूलच दुखावले असता केवळ शुक्रल द्रव्यांवर विसंबणे शास्त्रसंमत कसे ठरेल? शिवाय अशा रुग्णाची कामशक्ती प्रायः उत्तम असते. मैथुनशक्ती आणि प्रजननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे रुग्णाला समजावून देणे आमचे कर्तव्य आहे.

इतर विषाणूंचाही विचार हवा. कोणत्याही तीव्र ज्वरानंतर शुक्राणुसंख्या काही काळ घटू शकते. कोविडनंतरही अनेकांत असे आढळले व बहुतेकांत ती पुढे सुधारली. झिकाचा विषाणू वीर्यात टिकतो, म्हणून लागण झालेल्या पुरुषाने तीन महिने सावधगिरी बाळगावी असा संकेत आहे. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे झिकाचा रुग्ण आढळल्यापासून हा विषय आपल्यापासून दूर राहिलेला नाही.

शुक्राणूंच्या निर्मितीस सुमारे ७४ दिवस लागतात. ज्वरानंतर तीन महिन्यांत संख्या आपोआप सुधारू शकते. अशा वेळी आधीची व नंतरची तपासणी हाती नसता यशाचे श्रेय आमच्या कल्पास देणे, ही स्वतःचीच फसवणूक होय. टीकाकारांना हे शस्त्र आपणच पुरवतो.

म्हणून व्यवसायबंधूंना आमची विनंती अशी. वंध्यत्वाच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेत गालगुंड, वृषणशोथ व अलीकडील ज्वर यांची नोंद असावी. वीर्यतपासणी चिकित्सेपूर्वी व्हावी. शुक्राणु मुळीच न आढळल्यास वर्षानुवर्षे औषधे न देता तज्ज्ञांकडे पाठवावे. पत्नीचे वय थांबत नाही. तरुणाच्या वृषणात अकस्मात तीव्र वेदना झाल्यास गालगुंडाचे अनुमान करून लेप लावीत बसू नये. वृषणाला पीळ पडला असल्यास पहिले सहा तास मोलाचे असतात; तत्काळ शल्यचिकित्सकाकडे धाडावे. औषधी दुकानदारांनीही तपासणीविना वीर्यवर्धक चूर्णाचा डबा पुढे करू नये.

प्रतिबंधाचाही मुद्दा आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून आणलेल्या गोवर-रुबेला लसीत गालगुंडाचा समावेश नाही. तो एमएमआर लसीत असतो. मुलांच्या पालकांना हे सांगण्यात आयुर्वेदाचा कोणताही कमीपणा नाही. निदान-परिवर्जन हेच चिकित्सेचे पहिले सूत्र आहे.