मिनिटाला 21 थेंब

500 मिलीची सलाईन 8 तासांत संपवायची आहे. साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिली. मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत? 21. नर्सिंगच्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता आलं पाहिजे. गेल्या पावसाळ्यात जबलपूरच्या अधारतालला माझ्या घरी एक मुलगी आली. नर्सिंगला प्रवेश घेऊन तिला चौथं वर्ष लागलं होतं. तिला हे सांगता आलं नाही. बीपीचा पट्टा हातात दिला, तर तिने तो माझ्या कोपरावरच गुंडाळला. नाडी कुठे लागते ते तिची बोटं चाचपत राहिली आणि शेवटी तिने हात मागे घेतला.

वॉर्डात काय शिकवलं तुम्हाला, असं मी जरा रागानेच विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, वॉर्डात आम्हाला एकदाच नेलं. तपासणीला माणसं येणार होती तेव्हा. अर्ध्या मुली नर्स झाल्या, अर्ध्या पेशंट. मी पेशंट होते."

तिच्या हाताच्या पाठीवर चिकटपट्टी लावून, वर सलाईनची बाटली टांगून तिला झोपवलं होतं. नळीला सुई नव्हती. तपासणारे आले, खाटा मोजल्या, फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. ज्या मुलीला सलाईन लावायला शिकवायचं, तिलाच खोटी सलाईन लावून कॉलेजने मान्यता मिळवली. तिच्या वडिलांनी मंडला जिल्ह्यातलं शेत गहाण टाकून याच कॉलेजची फी भरली होती.

मी 31 वर्षं नर्सिंग शिकवलं. हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे एका कॉलेजचं दुखणं असतं तर मी लेख लिहिला नसता. 2022 साली आमच्या जबलपूरच्या उच्च न्यायालयात कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने जनहित याचिका केली आणि मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांचं पितळ उघडं पडलं. कुठे इमारत नाही, कुठे रुग्णालय नाही, एकच प्राध्यापक अनेक कॉलेजांच्या पटावर. प्रकरण सीबीआयकडे गेलं. 308 कॉलेजं तपासून सीबीआयने त्यातली 169 योग्य ठरवली. म्हणजे बाकीची कमतरतेची किंवा सरळ अपात्र. आणि मे 2024 मध्ये सीबीआयला आपल्याच एका निरीक्षकाला 10 लाखांची लाच घेताना पकडावं लागलं. योग्य असा शेरा देण्यासाठी पैसे घेतले जात होते. मग न्यायालयाने त्या 169 कॉलेजांचीही फेरतपासणी लावली, न्यायाधीशासमोर, व्हिडिओ चित्रीकरण करून.

चोर पकडायला पाठवलेल्या माणसाचाच चोरीत वाटा निघाला. याला भ्रष्टाचार म्हणून सोडून देऊ नका. रुग्णाच्या जिवाचा हा सौदा आहे.

मान्यता देणारी नर्सेस कौन्सिल भोपाळला आणि संलग्नता देणारं आयुर्विज्ञान विद्यापीठ इथे जबलपूरलाच. नियम काही कमी नाहीत. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय हवं, 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक हवा. हे सगळं आम्हाला पाठ होतं, तसं ज्यांनी अहवालावर सह्या केल्या त्यांनाही पाठ होतं. नसलेलं रुग्णालय त्यांना दिसलं नाही असं कुणी मला सांगू नये. 100 खाटा ही काही नजरेआड होणारी गोष्ट नव्हे.

आता यावर उपाय म्हणून यंत्रं आणतात. जागेची नोंद असलेले फोटो, बोटाच्या ठशाची हजेरी, चेहरा ओळखणारं अॅप. पण 2025 साली सीबीआयने मेडिकल कॉलेजांच्या मान्यतेतल्या लाचखोरीचा जो गुन्हा नोंदवला, त्यात नकली बोटं बनवून बायोमेट्रिक हजेरी लावल्याचा आरोप आहे. यंत्रापुढे बसणारा माणूस विकला गेलेला असेल, तर ते यंत्र त्याची खोटी सही अधिक सुबक करून देतं, एवढंच.

शिकवण्यातही तेच. त्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, आता तर सलाईनचे पंप आले ना? थेंब कशाला मोजायचे?" तिचा दोष नाही, तिला तसंच सांगितलं गेलं. पंप मी वापरले आहेत आणि ते चांगले आहेत. पण सुई शिरेतून सरकून औषध मांसात जाऊ लागलं, तर पुष्कळदा पंप बिनतक्रार चालू राहतो. हात सुजतो, कातडी ताणली जाऊन गार पडते, पेशंट कण्हतो. ते नर्सच्या बोटांना कळतं. शंभर पेशंटचे हात हातात घेतल्याशिवाय बोटांना ती जाण येत नाही. नव्या अभ्यासक्रमात पुतळ्यांवर सराव करण्याची सोय आहे, तिचं मी स्वागतच केलं होतं. पण पुतळा रात्री दोन वाजता घाबरून हात धरत नाही. माझ्या घरामागे कृषी विद्यापीठाची शेतं आहेत. तिथे मुलं गुडघाभर चिखलात उतरून धानाची रोपं लावताना मी वर्षानुवर्षं पाहते आहे. रोपासाठी जे आपल्याला कळतं, ते माणसासाठी कळू नये?

तपासणीतल्या डोळेझाकीची किंमत आमच्या शहराने मोजली आहे. 1 ऑगस्ट 2022 ला इथून जवळच, दमोह नाक्याकडे, एका खासगी रुग्णालयाला आग लागली. 8 माणसं गेली. अग्निशमनाच्या परवानगीची मुदत संपलेली होती. तपासायचं ज्यांचं काम, त्यांनी तेव्हाही डोळे मिटले होते.

आणि कॉलेजांच्या या घोटाळ्यात शिक्षा कुणाला झाली? मुलींना. परीक्षा रखडल्या आणि 2020-21 ला प्रवेश घेतलेल्या हजारोंना पहिल्या वर्षाची परीक्षा द्यायला 2024 उजाडलं. मुली विशीच्या होत्या, चोविशीच्या झाल्या. कित्येक घरांत तोवर लग्नाची घाई सुरू झाली. कॉलेजं बंद झाली तेव्हा लोक म्हणाले, बरं झालं. बरं झालंच. पण ज्याने "सर्व सुविधा उपलब्ध" असं लिहून खाली सही केली, तो पुन्हा दुसरीकडे शिकवायला किंवा तपासायला उभा राहणार असेल तर काय बरं झालं?

नागपूर, गोंदिया, पुणे इथल्या वाचकांनी हे दूरचं समजू नये. इकडच्या मुली तिकडच्या रुग्णालयांत नोकरीला येतात. तुमच्या आईच्या खाटेशी रात्री जी उभी असेल, तिला कुणी शिकवलं आणि कुठे शिकवलं, हा प्रश्न तुमचाही आहे.

2023 च्या कायद्याने केंद्राच्या जुन्या नर्सिंग कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोग आणायचं ठरलं. नाव बदलून काही होणार नाही. प्रत्येक कॉलेजच्या दारावर तपासणी करणाऱ्यांची नावं लावा, तारखेसकट. शिक्षकांची यादी नोंदणी क्रमांकासकट लावा, म्हणजे एकच बाई चार गावांत शिकवताना दिसली की गावच बोलेल. तपासणी न सांगता करा, रात्री करा, खाटा मोजू नका, पेशंट मोजा आणि त्यांच्याशी बोला. खोट्या अहवालावर सही करणारा नर्स असेल तर त्याची नोंदणी रद्द करा, डॉक्टर असेल तर त्याचीही.

ती मुलगी आता रोज चार वाजता येते. माझ्या दंडावर पट्टा नीट बांधते, थेंब मोजते. पण मी एक म्हातारी आणि माझा एक दंड. हे काही 100 खाटांचं रुग्णालय नव्हे. तिच्या वडिलांचं शेत अजून गहाणच आहे. त्या कॉलेजने घेतलेला एकेक रुपया त्यांना व्याजासकट परत मिळाला पाहिजे.