केरवोखं

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. ‘मावशी, तू स्टुटगार्टला तीन वर्षं होतीस ना? तिकडे राहून तुला स्वतःला काय काय मिळालं ते पाच पॉइंट्समध्ये पाठव ना. उद्या दुपारपर्यंत.’ खाली जोडलेले हात. साडेदहाला मी घोरत असते हे या सदराचे वाचकसुद्धा जाणतात. सख्ख्या भाचीला पत्ता नाही.

तिला ते हवं होतं स्टेटमेंट ऑफ पर्पजसाठी. म्हणजे ‘मला तुमच्याच विद्यापीठात का यायचंय’ हे सांगणारा आणि सगळ्यांचा सारखाच असणारा निबंध. सोबत कच्चा खर्डा होता. त्याच्या पहिल्याच पानावर पोरीची क्षितिजं तीनदा रुंदावली होती आणि कम्फर्ट झोनमधून ती दोनदा बाहेर पडली होती. पासपोर्ट अजून यायचाय. आणि क्षितिजाचंच म्हणाल, तर स्टुटगार्ट वाटीत वसलंय. जिकडे मान वळवाल तिकडे टेकडी, टेकडीवर द्राक्षाचे मळे, मळ्यांतून वर चढणारे दगडी जिने. क्षितिज दिसतच नाही, रुंदावणार कुठून?

माहिती एका दमात सांगून टाकते, म्हणजे पत्रं यायला नकोत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. चिनी मुलांना मागे टाकून आपण पहिले. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी अडकवून ठेवावे लागतात. बाकी जर्मनीत सरकारी विद्यापीठांना सहसा फी नाही, पण स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो लावलेत. मोटारगाड्यांमुळे पुण्याची निम्मी इंजिनिअर मंडळी तिकडे एकदा तरी जाऊन आलेली असतात. कागदोपत्री मात्र स्टुटगार्टचं भगिनीशहर मुंबई आहे, १९६८ पासून. पुणेकरांनी यावर रुसायला हरकत नाही.

तर बुधवारी सकाळी चहा घेऊन बसले आणि पहिला पॉइंट लिहिला : ‘जिना पुसता येतो.’ पुढे पेनच हलेना.

आमच्या घरातल्या इंजिनिअरांना कंपनीने पाठवलं ते २००६ च्या मे महिन्यात. बँकेतली नोकरी सोडून मागोमाग मी. चार मजली जुनी इमारत, मजल्यावर दोन बिऱ्हाडं, लाकडी जिना. तिसऱ्या आठवड्यात दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक पुठ्ठ्याची पाटी सापडली. मला वाटलं इस्त्रीवाल्याची जाहिरात. पाटीवर एकच शब्द होता, तो मी अक्षर अक्षर जुळवून वाचला आणि हसत सुटले. केरवोखं. केर! परक्या मुलखात, जिथे दूध आणि ताक यांच्या डब्यांतला फरक कळायला मला दहा दिवस आणि एक नासलेला चहा लागला, तिथे कुणीतरी माझ्या दारावर चक्क ‘केर’ लिहून गेलं होतं. जर्मनमध्ये केरन म्हणजे झाडणं, वोखं म्हणजे आठवडा. आमच्या केराशी त्यांच्या केराचं काही नातं असेल असं मला वाटत नाही, पण शब्दकोश न उघडता कळलेला तो माझा पहिला जर्मन शब्द.

पद्धत अशी : ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा आणि मग पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. ही छोटी केरवोखं. मोठीची पाळी इमारतीत फिरत राहते. तिच्यात तळघर, प्रवेशदार, समोरचा फुटपाथ आणि कचऱ्याच्या डब्यांची जागा. हिवाळ्यात बर्फसुद्धा, तोही सकाळी सातच्या आत, कारण त्यावरून कुणी घसरून पडला तर निस्तरायचं आपण. हे खूळ मूळचं श्वाबेन प्रांतातलं. १४९२ साली काउंट एबरहार्ड याने स्टुटगार्टकरांना हुकूम सोडला होता की गाव स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने दर आठवड्याला आपापला उकिरडा बाहेर नेऊन टाकावा. त्याच साली कोलंबस घराबाहेर पडला. प्रवासाचे फायदे विचारणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. मला तर एबरहार्ड जास्त शहाणा वाटतो, निदान त्याच्या या हुकुमामुळे कुणाचं वाटोळं तरी झालं नाही. पुढे १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, महापालिकेने आपली सक्ती काढून घेतली. घरमालकांनी काढली नाही. भाडेकराराला जोडलेल्या नियमांत ती आहेच.

पहिल्या शनिवारी मी रीतसर कामाला लागले. पदर नव्हता, ओढणी खोचली. बादलीभर पाणी, त्यात लिक्विड, मोठं फडकं, आणि उकिडवं बसून वरून खाली, एकेक पायरी, आईने शिकवलं तसं. चौथ्या पायरीला खालून किंकाळी आली. तळमजल्यावरच्या बाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, केस सेट केलेले, जिन्याच्या तोंडाशी उभ्या, आणि माझं पाणी वरून त्यांच्या पायपुसण्यावर ठिबकत होतं. ‘होल्त्स! होल्त्स!’ म्हणजे लाकूड. लाकडाला पाणी दाखवायचं, पाजायचं नाही, हे मला पुढच्या पाऊण तासात हातवाऱ्यांनी कळलं. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं, पिळलं, पुन्हा पिळलं, तिसऱ्यांदा पिळलं. त्यातून आता फक्त माझा स्वाभिमान निघायचा राहिला होता.

मग ८ जुलै आला. विश्वचषक फुटबॉल जर्मनीतच चाललेला, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आमच्या गावात, जर्मनीने पोर्तुगालला ३-१ ने हरवलं. रात्रभर भोंगे. त्या आठवड्याची मोठी केरवोखं माझ्याकडे. दुपारी मी फुटपाथ आरशासारखा केलेला. पहाटे बघते तर बाटल्या, कागदी झेंडे आणि कुणाचा तरी एक बूट. मला वाटलं, आता आपण मिळवू शाबासकी. रविवारी सकाळी सातला झाडू घेऊन खाली उतरले. दोन हात मारले असतील नसतील, खिडकी उघडली. ‘झोनटाग!’ रविवारी झाडायचं नाही. रविवार शांततेचा. कचरा राहिला तर चालेल, खराट्याचा आवाज चालणार नाही. तो बूट सोमवारपर्यंत तिथेच होता.

त्या बाईंनी तीन वर्षांत मला एकदाही बरं म्हटलं नाही. एकदा धीर करून विचारलं, की माझा जिना आता ठीक असतो का. त्यांनी त्यांच्या बोलीत एक म्हण ऐकवली : नेट ग्शिम्फ्ट इश ग्लोप्ट गनुग. रागावलं नाही, म्हणजे कौतुकच झालं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या सासूबाईंनी हयातभर याच तत्त्वावर संसार चालवला. फक्त त्याला म्हण असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पण मी भाचीला ‘जिना’ असं का लिहिलं ते मलाही त्या दिवशी लगेच कळलं नाही. कळलं गुरुवारी, आणि तेही सोसायटीच्या ग्रुपमुळे. (या सदरात लिफ्टबद्दल लिहिल्यापासून सोसायटीतली तीन माणसं माझ्याशी बोलत नाहीत. आजच्यानंतर चौथं कोण, ते बघू.) ग्रुपवर सकाळी फोटो आला, जिन्यात पसरलेल्या चिप्सच्या पाकिटाचा. खाली : ‘झाडणाऱ्या मावशी चार दिवस आल्या नाहीत. कुणाकडे नंबर आहे का?’ तिघांकडे नंबर होता. एकाकडे ‘जिना बाई’ या नावाने, दुसऱ्याकडे ‘मावशी झाडू’, तिसऱ्याकडे ‘बिल्डिंग क्लीनिंग’. मी माझा फोन बघितला. ‘मावशी जिना’. अकरा वर्षं ही बाई आमचे तीन मजले झाडतेय आणि चौसष्ट जणांच्या ग्रुपवर तिचं नाव एकालाही सांगता आलं नाही. बाईचं नाव ठाऊक नसलं की तिला मावशी करायचं, ही आपली सोय आहे. आणि मी तर वर्षानुवर्षं स्टुटगार्टच्या जिन्याच्या गमती सांगून लोकांना हसवतेय.

आईने मला झाडायला शिकवलं ते उंबरठ्यापर्यंत. केर उंबरठ्याबाहेर गेला की तो आपला नाही. लक्ष्मी म्हणून केरसुणीला हळदकुंकू वाहायचं, पण तिला घेऊन जिन्यात बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील. तिकडे तेच काम करत होते तेव्हा मला कमीपणा वाटला नाही, उलट पत्रांतून मी ते मिरवलं. तिथे सगळेच पुसत होते. वरच्या मजल्यावरचे कोर्टातले साहेबसुद्धा, टाय सैल करून, शनिवारी अकराला. २००९ मध्ये परत आले, महिनाभरात माझा उंबरठा पुन्हा होता तिथे. तीन वर्षांचं शिक्षण विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर राहून गेलं असावं.

मी फोन केला. गुडघ्याला मार बसला होता, दहा दिवस येणार नाहीत. नाव विचारलं. आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘कशाला, पगार कापणार का?’ नाव सांगितलं त्यांनी, पण छापू का असं विचारलेलं नाही, त्यामुळे ते इथे येणार नाही. फोनमध्ये बदललंय.

मग मला चेव आला. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापला, त्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात ‘केर आठवडा’ लिहिलं, सुतळी ओवली. दहा दिवसांचाच प्रश्न आहे, आळीपाळीने करू, असं ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, एक ‘नाइस इनिशिएटिव्ह’, आणि चेअरमनसाहेबांचा खुलासा की दरवाजांना वस्तू लटकवण्यासाठी कमिटीची पूर्वपरवानगी लागते. इंजिनिअर म्हणाले, ‘उगाच कशाला, दोनशे रुपये देऊन दुसरी बाई बघू.’ त्यांच्या करारातला तिकडचा जिनासुद्धा मीच पुसत होते, ही आठवण मी त्यांना करून दिली. शुक्रवारी सकाळी आमचा मजला मी झाडला, पुसला (फडकं तीनदा पिळून, आमचा जिना कोट्याचा आहे, पण सवय) आणि पाटी समोरच्या दाराला अडकवली.

समोरचे काका दार उघडून म्हणाले, ‘काय हो, मुंज आहे का कुणाची?’

भाचीला शेवटी दुसऱ्या कुणीतरी पाच पॉइंट्स पाठवले. माझ्या एका पॉइंटवर तिने हसणारा चेहरा टाकलाय आणि विचारलंय, ‘मावशी, हॉस्टेलमध्ये पण करावं लागतं का गं हे?’ उत्तर द्यायचं राहिलंय.

पाटी अजून समोरच्या दारावरच आहे. काल संध्याकाळपासून तिच्या सुतळीला दुधाची पिशवी अडकवायला सुरुवात झाली आहे.